शेकडो हातांची मूठमाती

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं आणि शहर मागे पडलं, की साधारण दहा किलोमीटरवर जुनापाणीचा माळ येतो. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मधूनमधून झुडपं आणि विदर्भात कुठेही दिसावेत तसे काळे दगड. पहिल्या खेपेला मी त्यातल्याच एका दगडावर टेकून पाणी प्यायलो होतो. उठताना सहज डावीकडे पाहिलं, तर थोड्या अंतरावर तेवढाच दुसरा दगड, त्याच्या पलीकडे तिसरा. नजर त्यांच्यामागोमाग गेली, हळूहळू वळत राहिली आणि फिरून माझ्याच पायांशी आली. मी बसलो होतो तो एका मोठ्या वर्तुळाच्या कडेचा दगड होता. वर्तुळाच्या आतली जमीन उलट्या परातीसारखी किंचित फुगीर आणि दगडगोट्यांनी भरलेली होती. डोळ्याला एकदा ओळख पटल्यावर पलीकडे दुसरं वर्तुळ दिसलं, मग तिसरं, मग माळभर तीच. जुनापाणीला अशी सुमारे 300 वर्तुळं आहेत.

ही थडगी आहेत. इ.स.पू. पहिल्या सहस्रकात, म्हणजे आजपासून अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, लोखंड घडवणाऱ्या आणि घोडे बाळगणाऱ्या माणसांनी ती रचली. पुरातत्त्वज्ञ त्यांना महापाषाणीय संस्कृतीचे लोक म्हणतात. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमोहारी, रायपूर, बोरगाव, खैरवाडा अशा कितीतरी गावांच्या शिवारात त्यांची वर्तुळं आहेत. मृताच्या अवशेषांवर दगडांची रास घालण्याची चाल जगात बऱ्याच ठिकाणी होती. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये त्या राशीला ‘केर्न’ म्हणतात आणि पुरातत्त्वाच्या परिभाषेतही तोच शब्द रुळला आहे. विदर्भाने त्या राशीला दगडांचं कडं घातलं, आत काळी माती भरली आणि स्वतःचा असा एक घाट तयार केला.

आपण कवितेचं रसग्रहण करतो, बंदिशीचं करतो. मला या घाटाचं करायचं आहे. ते करता येतं, कारण इथे काहीही आपोआप आलेलं नाही. प्रत्येक दगड, मातीची प्रत्येक टोपली, आतलं प्रत्येक भांडं कुणीतरी निवडून, उचलून आणून ठेवलं आहे. एवढी निवड असलेल्या गोष्टीला मी रचनाच म्हणेन. ज्यांनी ती केली त्यांनी लिहिलेलं एक अक्षरही आपल्यापाशी नाही. त्यांच्या मनातलं आपल्याला या रचनेतूनच वाचावं लागतं. तेही उलटं, कारण त्यांनी ती खालून वर रचली आणि उत्खनन करणारा ती वरून खाली उलगडतो. शेवटची ओळ त्याला आधी मिळते, पहिली सगळ्यात शेवटी.

या रचनेच्या वाचकांचीही परंपरा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले होते. 4 सप्टेंबर 1863 च्या संध्याकाळी तिथून परतताना पावसाने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या नावाचं महाविद्यालय नागपुरात आजही आहे. पुढे रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळं उकरली आणि 1879 मध्ये त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केला. 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्यानंतर नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी खणलं, अ. प्र. जामखेडकरांबरोबर नैकुंड खणलं, आणि विखुरलेल्या दगडांमागे एक अख्खा समाज उभा केला. या सगळ्यांच्या आधीही वाचक होतेच. इथले गावकरी ही वर्तुळं गवळ्यांची म्हणून सांगत आले. विद्वानांनाही पुढे या लोकांच्या जगण्यात गुराढोरांचा मोठा वाटा दिसला, तेव्हा लोकांच्या सांगण्यात काही जुनं शहाणपण होतं असं मला वाटतं.

आता रचनेकडे वळू. सुरुवात कड्यापासून.

कडेचे दगड डोंगरउतारावरचे, ओबडधोबड. त्यांना छिन्नी लावून कोपरे काढलेले नाहीत. कारागिरी दगडाच्या अंगावर नाही, त्याच्या जागेत आहे. साधारण एका मापाचे दगड शोधायचे, ते ढकलत-ओढत आणायचे आणि एकाच वळणात बसवायचे. मधोमध खुंटी ठोकून दोरी फिरवल्याशिवाय एवढं गोल साधत नाही. म्हणजे दगड आणण्याच्याही आधी मोकळ्या माळावर कुणीतरी मापं घेतली असणार. जागा ठरवणं ही या निरोपाची पहिली कृती.

कडं दोन कामं करतं. आतली भर ढासळू देत नाही, हे पहिलं. दुसरं अधिक मोलाचं: ते माळाचे दोन भाग करतं. एक आतला, एक बाहेरचा. त्या ओबडधोबड दगडांच्या ओळीने, भिंत न घालता, छप्पर न घालता, एवढ्या उघड्या रानात एक ‘आत’ तयार झाला. आज अडीच हजार वर्षांनंतरही तिथे पाय टाकताना माणूस क्षणभर थबकतो. मी तसा थबकलो आहे, आणि माझ्याबरोबर आलेल्या, या विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसांनाही थबकताना पाहिलं आहे.

कड्याच्या आत वर दगडगोट्यांची रास आणि तिच्याखाली काळी चिकण माती. ही काळी माती मला या रचनेचा गाभा वाटते.

जागा नीट पाहिली तर त्याचं कारण कळतं. वर्तुळं बहुतेक ठिकाणी टेकडीच्या पायथ्याशी, खडकाळ, मुरमाड जमिनीवर आहेत. पीक घेण्याजोगी जमीन या लोकांनी मृतांसाठी अडवली नाही. आपल्या गावगाड्याच्या भाषेत गावाची जमीन दोन रंगांची असते. जिथे घरं आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि भिंतींची माती साचली आहे, ती पांढरी. जिथे पीक येतं ती काळी. पुरातत्त्वज्ञही जुन्या वस्तीची टेकाडं शोधताना गावकऱ्यांना आधी पांढरी कुठे आहे ते विचारतात. या दोन शब्दांनी वर्तुळाकडे पाहिलं की त्याचा अर्थ उजळतो. पांढरी जिवंत माणसांची, काळी धान्याची, आणि मृताच्या वाट्याला आला माळ, जो ना वस्तीचा ना पिकाचा. पण त्याला तिथे नुसतं सोडलं नाही. खालच्या सपाटीवरची काळी उचलून त्याच्यासाठी माळावर नेली. जिथे काही उगवत नाही तिथे उगवणारी माती नेऊन त्याच्यावर पसरली.

हे किती मोठं काम असेल याचा मी एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. बारा मीटर व्यासाचं मध्यम वर्तुळ धरा आणि आतली भर सरासरी फक्त अर्धा मीटर. तेवढ्याला छप्पन घनमीटर माती-दगड लागतात. वजनात ते नव्वद टनांच्या घरात जातं. डोक्यावरच्या टोपलीत वीस किलो बसतात असं म्हटलं तर साडेचार हजार टोपल्या. पन्नास माणसांनी रोज प्रत्येकी पंधरा खेपा घातल्या तरी सहा दिवस. कडेचे मोठे दगड त्यात धरलेले नाहीत. त्या सहा दिवसांत या माणसांना कुणीतरी जेवू घातलं, त्यांची गुरं राखली, त्यांची लेकरं सांभाळली. नैकुंड आणि भागीमोहारीच्या वस्त्यांत जव, मसूर अशी धान्यं सापडली आहेत. त्यांचीच भाकर, त्यांचंच कालवण माळावर गेलं असेल.

आपल्याकडे दफन करण्याला ‘मूठमाती देणं’ म्हणतात. जमलेल्या प्रत्येकाने एक मूठ टाकायची असते. त्या मुठीने खड्डा भरत नाही. खड्डा फावड्याने भरतो. मूठ असते ती आपलाही हात लागावा म्हणून. खेड्यात अजून म्हणतात, ‘मातीला जाऊन येतो.’ जुनापाणीचं वर्तुळ मला या शब्दाचा विस्तार वाटतं. इथे मूठ आणि फावडं असा भेद उरलेला नाही. साडेचार हजार टोपल्या म्हणजे साडेचार हजार वेळा कुणाचा तरी हात लागणं. आपण अशा थडग्याकडे पाहून आत पुरलेला माणूस केवढा मोठा असेल, असं म्हणतो. तो होताही बहुधा. प्रत्येक माणसासाठी एवढं करणं कोणत्याच समाजाला झेपलं नसतं. पण या राशीत मला त्याच्याहून अधिक दिसतात ते वाहणारे. मृताने यातला एकही दगड उचललेला नाही.

भर बाजूला झाली की वस्तू लागतात.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते लोखंड: कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, सुऱ्या, भाल्यांची आणि बाणांची टोकं. यातल्या एका वस्तूपाशी मी नेहमी थांबतो. विदर्भातल्या या कुऱ्हाडींना लोखंडाचे आडवे पट्टे असतात. सपाट कुऱ्हाडीला दांडा बांधून वरून हा पट्टा आवळला की पातं घाव घालताना हलत नाही. कारागिराच्या डोक्यातून निघालेली ही नेमकी युक्ती आहे. अशी कुऱ्हाड थडग्यात ठेवताना पट्टा काढून घेतलेला नाही. म्हणजे मोडीतलं लोखंड दिलं नाही. दांड्यासकट, उचलली की झाडाला घालता येईल अशी कुऱ्हाड दिली. दांडा लाकडाचा, तो केव्हाच कुजून गेला. लोखंडी पट्टा मात्र उरला आहे, आणि तो आजही त्या नसलेल्या दांड्याला आवळून धरल्यासारखा दिसतो.

हे लोखंड किती महागाचं होतं ते नैकुंडने दाखवलं. पेंच नदीच्या परिसरातल्या या गावात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. वक्राकार विटांची गोल भट्टी, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या, आणि सुमारे चाळीस किलो मळी. त्या काळच्या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. खनिज आणि कोळसा एकत्र पेटवून भाता मारत राहायचं, मग तळाशी मळीत अडकलेला लोखंडाचा सच्छिद्र गोळा मिळायचा. तो लालबुंद असताना ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची, तेव्हा कुठे घडवण्याजोगं लोखंड हाती यायचं. जंगलातली लाकडं, कोळसा पाडणाऱ्याचे दिवस, भाता मारणाऱ्याची छाती आणि लोहाराचा घाम, एवढं सगळं एका कुऱ्हाडीत होतं. ती जिवंत माणसाच्या हातात आणखी कितीतरी वर्षं चालली असती. ती मातीत ठेवताना घरच्या कुणाचा हात एक क्षण तरी अडखळला असेल. तरीही ठेवली. शोकाचं मोल सांगायला या लोकांपाशी याहून स्पष्ट भाषा नव्हती.

लोखंडानंतर घोडा. विदर्भातल्या वर्तुळांची ही खास ओळख आहे. अनेक ठिकाणी माणसाबरोबर घोड्याची हाडं मिळाली आणि काही हाडांवर धारदार हत्याराच्या खुणाही दिसल्या. धन्यापाठोपाठ घोड्याचाही बळी दिला गेला. आज हे वाचताना मन आक्रसतं, आणि आक्रसावं. पण त्याच घोड्याच्या अंगावरचे दागिने पाहिले की त्या माणसांना निर्दय म्हणून मोकळं होता येत नाही. शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 या काळात माहुरझरीला केलेल्या उत्खननात घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार सापडले. त्या पत्र्यावर लोखंडी खिळ्यांची बोंडं बसवलेली आहेत. पत्रा पातळ ठोकून काढलेला, बोंडं ओळीत. घोड्याच्या कपाळाचं माप माहीत असलेल्या माणसाचं हे काम आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाला बाशिंग बांधताना विदर्भातला शेतकरी त्याच्या कपाळावरून ज्या मायेने हात फिरवतो, तो हात मला इथे ओळखू येतो. या घोड्याला कुणीतरी नावाने हाक मारली असणार, आणि शेवटी त्याला सजवूनच पुढे आणलं असणार. माया आणि बळी एकाच हातात असू शकतात, हे या रचनेतलं सगळ्यात कठीण कडवं आहे. ते गाळून उरलेलं वाचणं खरं होणार नाही.

मग घरातल्या वस्तू. मडकी आहेत, तीही काळी-तांबडी. भट्टीत पालथी ठेवून भाजल्यामुळे आतली बाजू आणि काठ काळे, बाहेरचं अंग तांबडं. मातीत अभ्रक मिसळलेली, उन्हात धरली की चमचमणारी तांबडी भांडीही आहेत. तांब्याची झाकणाची भांडी आहेत आणि काही झाकणांची मूठ पक्ष्यांच्या आकाराची आहे. झाकण उचलायला पक्षी चिमटीत धरावा लागतो. नखं कापायचं छोटं हत्यार आहे. कार्नेलियनचे लालसर मणी आहेत, आणि काहींवर क्षाराने रेखून, भाजून पांढऱ्या रेषा उठवल्या आहेत. माहुरझरी तर पुढेही कितीतरी शतकं मण्यांचं गाव म्हणून चालत राहिलं.

हे एकत्र मांडून पाहताना मला हे अंत्यविधीचं सामान वाटत नाही. गावाला निघालेल्या माणसाची पिशवी भरताना घरचं माणूस जसा विचार करतं तसा विचार इथे दिसतो. काम पडलं तर कुऱ्हाड आहे, वाट लांब आहे म्हणून घोडा आहे, भूक लागली तर भांडी आहेत, आणि हो, नखं वाढतील. परलोकाची मोठी तत्त्वं मांडून जे कळलं नसतं ते त्या नखं कापायच्या हत्याराने कळतं. मेलेल्या माणसाची नखं वाढतील असं ज्यांना वाटलं, त्यांना तो पुरता गेला असं वाटलं नव्हतं.

सगळ्यांत खाली माणूस. माहुरझरीच्या एका सांगाड्याच्या छातीवर खंजीर ठेवलेला होता. मूठ तांब्याची, पातं लोखंडाचं. पण असं सलग शरीर क्वचित मिळतं. अनेक वर्तुळांत काही निवडक हाडंच आहेत. देह आधी कुठेतरी ठेवला गेला, काळाने आपलं काम केलं आणि मग उरलेलं गोळा करून इथे आणलं गेलं. यालाही आपल्या भाषेत शब्द आहे. तिसऱ्या दिवशी आपण स्मशानात जातो ते अस्थी ‘सावडायला’. गोळा करायला किंवा वेचायला, असं कुणी म्हणत नाही. ‘सावडणं’ या एका क्रियापदात राखेतून हात फिरवण्याचा हळुवारपणा आहे. वर्तुळाच्या तळाशी ठेवलेली ती मोजकी हाडं सावडून आणलेली आहेत, एवढं म्हटलं की ती करणाऱ्या माणसांची बोटं दिसू लागतात.

आणखी एक गोष्ट यातून कळते. मृत्यूचा दिवस आणि वर्तुळाचा दिवस एक नव्हता. मध्ये वेळ गेला होता. पहिल्या आकांतात हे काम झालेलं नाही. आकांत ओसरल्यावर, शांतपणे, माणसं जमवून, धान्य बाजूला काढून झालं आहे. म्हणूनच या रचनेला तोल आहे. रडण्याला आकार द्यायला वेळ लागतो, आणि या लोकांनी तो घेतला.

इथवर तळ गाठला. आता वर्तुळ पुन्हा बंद करून बाहेरून पाहू, कारण त्याचं एक वैशिष्ट्य मिटलेल्या अवस्थेतच कळतं. त्याला दार नाही.

दार असलेलं थडगं कसं असतं ते आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजला दिसतं. ते फार जुनं, इ.स.पू. 3200 च्या सुमाराचं. सुमारे 85 मीटर व्यासाची ती प्रचंड रास आहे, आणि तिच्या पोटात जाणारी 19 मीटरांची दगडी वाट आहे. दारावर एक झरोका ठेवलेला आहे. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून आतल्या कोठडीपर्यंत पोहोचतो. तिथलं उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ’केली यांनी 1967 च्या डिसेंबरात तो आत उभं राहून पाहिला. त्या थडग्यात मृत आणि जिवंत यांची भेट दरवर्षी ठरलेली होती. आपल्याकडे इनामगावला वेगळीच तऱ्हा होती. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी, विदर्भातल्या वर्तुळांच्या थोडं आधी, ताम्रपाषाण युगातले शेतकरी आपली मेलेली लहान मुलं दोन मडक्यांची तोंडं जोडून त्यांत घालत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. त्यांनी घर सोडून जाऊ नये म्हणून हे केलं असावं, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे.

न्यूग्रेंज म्हणतं, येत राहू. इनामगाव म्हणतं, जाऊ नकोस. जुनापाणीचं वर्तुळ यांतलं काहीच म्हणत नाही. वस्तीपासून दूर माळावर आणून, सगळं सामान देऊन, काळी माती पसरून, वर दगडांची रास घालून ते पुरतं मिटलं आहे. आत जायला वाट नाही, बाहेर यायलाही नाही. घोडा दिला आहे, म्हणजे जाण्याला परवानगी आहे. निरोप पुरा झाला आहे. माझ्या मते याच पूर्णतेत या रचनेचं सौंदर्य आहे. तिने कुणाला अडवून धरलेलं नाही आणि कुणाला टाकूनही दिलेलं नाही.

तरी बाहेरच्या बाजूने एक धागा मोकळा राहिला. जुनापाणीच्या कडेच्या काही शिळांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. बोटाचं टोक बसेल एवढाले, ओळीत. काही ठिकाणी दोन ओळी एकमेकींना छेदून जातात. रिव्हेट-कार्नॅकला त्यात युरोपातल्या पाषाणांवरच्या खळग्यांशी साम्य दिसलं होतं. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी या शिळांच्या दिशा मोजल्या, तेव्हा त्या वर्तुळात कुठेही विखुरलेल्या नसून ठरावीक दिशांना असल्याचं दिसलं. मी त्या खळग्यांत बोट ठेवून पाहिलं आहे. आतला दगड गुळगुळीत लागतो. आणताना ज्या दगडाच्या अंगाला हात लावला नव्हता, त्यावर इथे मात्र कुणीतरी बसून, घासून, मोजून ओळी उमटवल्या. सगळ्या रचनेत अक्षराच्या सर्वांत जवळ जाणारी खूण हीच.

अशी रचना एका दगडाने मोडते. शेताचा बांध घालायला कडेची एक शिळा नेली, रस्त्याच्या गिट्टीसाठी चार नेल्या, तर दगड कुठे ना कुठे राहतात, पण वळण तुटतं आणि ‘आत’ नाहीसा होतो. गुप्तधनाच्या आशेने कुणी मध्ये खणलं, तर कुऱ्हाड हाती लागते आणि ती कुणाच्या उशाशी होती, कुठल्या मातीत होती, हे कायमचं जातं. विदर्भातली कितीतरी वर्तुळं अशी गेली. कवितेतला एक शब्द उचलून नेला तर तो शब्दकोशात सापडतो, ती ओळ मात्र पुन्हा सापडत नाही. म्हणून जिथे जी वर्तुळं उरली आहेत तिथे ती जशीच्या तशी राहायला हवीत, हे मला कळवळून सांगावंसं वाटतं.

या माणसांचे आपण वंशज आहोत, असा दावा मला करायचा नाही. गडचिरोलीतले माडिया गोंड आपल्या मृतांच्या नावाने आजही शिळा उभ्या करतात. दगडाशी त्यांचं नातं माझ्याहून जवळचं आहे. पण वडिलांना अग्नी दिला त्या दिवसापासून जुनापाणी मला वेगळं दिसतं.

खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं घेऊन मी चितेभोवती फिरत होतो. दर फेरीला मागून कुणीतरी मडक्याला खडा मारून भोक पाडत होतं. पहिल्या फेरीला एक धार, दुसऱ्या फेरीला दोन, तिसरीला तीन. पाठीवरून पाणी ओघळत होतं आणि माझ्या मागे जमिनीवर ओल उमटत चालली होती. तिसरी फेरी संपवून मी मडकं मागे सोडून दिलं. मागे वळून पाहायचं नसतं, पण नजर खाली गेली आणि मला ते दिसलं: वडिलांच्या भोवती धुळीत उमटलेलं पाण्याचं कडं. पूर्ण गोल. घाटावर ऊन होतं. आम्ही पायऱ्यांपर्यंत पोहोचेतो ते वाळत आलं होतं.

ज्या खड्याने मडकं फोडलं तो कुणीतरी माझ्या हातात दिला. तोच अश्मा, आमच्याकडे म्हणतात तसा जीवखडा. दहा दिवस तो अंगणातल्या झाडाच्या बेचक्यात फडक्यात बांधून होता. दहा दिवस वडील म्हणजे तो दगड होते. त्यालाच पाणी, त्यालाच तीळ. दहाव्या दिवशी नदीत सोडण्याआधी मी तो मुठीत धरला होता. पेरूएवढा असेल. त्याचं वजन अजून तळहाताला आठवतं.

शेवटी मृताच्या भोवती एक कडं काढायचं आणि हातात दगड घ्यायचा, एवढंच मलाही सुचवलं गेलं होतं. माझं कडं पाण्याचं होतं. त्यांनी ते दगडांचं केलं, त्याला माळ दिला, काळी दिली, आणि साडेचार हजार खेपा दिल्या.

आता जुनापाणीला गेलो की आधी एका वर्तुळाला बाहेरून फेरी घालतो. पाय आपोआप त्या वळणाने जातात. मग तहान लागली की जरा बाजूला होऊन गवतात बसतो आणि तिथे पाणी पितो. कडेच्या दगडावर बसत नाही.